थोरलीची अट

वस्तीत त्या दोघी सख्ख्या जावा. एकीला सगळे थोरली म्हणत, दुसरीला धाकटी. धाकटी चोपन्न वर्षांची झाली, केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तरी ती धाकटीच राहिली. दोघींची घरं भिंतीला भिंत लावून समुद्राकडे तोंड करून उभी होती. थोरलीला खोकला आला की तो धाकटीला ऐकू यायचा आणि धाकटीचं मशीन चालू झालं की थोरलीच्या फळीवरची भांडी थरथरायची. पण गेली तीन वर्षं या घरातून त्या घरात एक शब्द गेला नव्हता.

धाकटी शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, होड्यांवर टाकायच्या ताडपत्र्या, येईल ते काम. नवरा मालवाहू जहाजावर असायचा, वर्षातून दीड महिना घरी. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. पुढच्या खोलीत दोन मशीन, एक कापड बेतायचं टेबल आणि कपाट. त्या कपाटाचा वरचा खण म्हणजे वस्तीच्या वादळ समितीचं कार्यालय. दारामागे खिळ्याला नकाशा लटकवलेला असायचा. कापड बेतायच्या खाकी कागदावर धाकटीनेच तो काढला होता. एकशे बारा घरं, दोन विहिरी, बर्फाचा कारखाना, टेकडीवरची शाळा. ज्या घरात चालता न येणारं माणूस, त्या घरावर लाल फुली. गरोदर बाई असेल तिथे निळी. बाई मोकळी झाली की निळी फुली खोडायची, आणि म्हातारं माणूस गेलं की लाल. ते कामही तीच करायची.

अबोला धरला होता तो त्या नकाशावरून.

तीन वर्षांपूर्वी वादळ येणार म्हणून बातमी आली होती. सकाळपासून आभाळ भरलं होतं, पण वरच्या कार्यालयाचा हुकूम आला तो दुपारी साडेतीनला. तोवर पाऊस सुरू झाला होता. हुकूम आल्यावर मात्र एकच धावपळ उडाली. थोरलीचा नवरा, म्हणजे धाकटीचे मोठे दीर, दोन वर्षं पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. टेम्पो चिखलात चढेना, तेव्हा चौघांनी त्यांना खाटेसकट उचललं आणि भर पावसात टेकडी चढले. वर पोचेपर्यंत अंगावरची दोन्ही पांघरुणं पिळून काढावीत इतकी भिजली होती. संध्याकाळी वादळाने वाट बदलली आणि ते भलतीकडेच गेलं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, माणसं हसत, शिव्या देत घरी परतली. दिरांना मात्र ताप भरला, छातीत कफ दाटला आणि नवव्या दिवशी ते गेले.

भेटायला आलेली माणसं पांगल्यावर थोरली धाकटीला दारातच म्हणाली, "तुझ्या यादीत त्यांचं नाव नसतं, तर आज ते इथे असते." एवढंच. मग तिने दार लावून घेतलं.

वस्तीने ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने लक्षात ठेवली. एखादी बस आली नाही, ठरलेलं लग्न मोडलं, नळाला पाणी येणार म्हणून सांगून आलं नाही, की लोक म्हणायचे, "टेलरबाईंचं वादळ झालं." न्हावी तर तिच्यासमोरच म्हणायचा. तीही हसायची. हसायला काही पैसे पडत नव्हते.

पण त्या वर्षानंतर समिती बदलली. एक मदतसंस्था विचारायला आली, पुढच्या वेळी काय देऊ? दर वेळी वादळ होऊन गेल्यावर घोंगड्या आणि धान्य देणारीच ती माणसं. धाकटी म्हणाली, "द्यायचं ते आधी द्या. घर वाहून गेल्यावर दोर घेऊन काय करू?" तेव्हापासून दोर, डिझेल, पाण्याच्या टाक्या, औषधं हे सगळं बर्फाच्या कारखान्याच्या माळ्यावर पडून असायचं. आणि एक कागद झाला. हवामान खात्याने ठरावीक वेगाच्या वाऱ्याचा इशारा तीन दिवस आधी दिला, की समितीने कामाला लागायचं. कुणाच्या हुकुमाची वाट बघायची नाही. चालता न येणारी माणसं पहिल्यांदा, आणि कोरड्यात हलवायची. 'कोरड्यात' हा शब्द धाकटीने स्वतः घातला होता. कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, वरच्या कार्यालयातल्या साहेबांचीही. कुणी सही मागितली की ते करायचे.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला बर्फवाला फोन हातात धरूनच दुकानात शिरला. कारखाना त्याचा, टेम्पो त्याचा, समितीतला अर्धा दमही त्याचाच.

"आला," तो म्हणाला.

"कोण?"

"इशारा. गुरुवारी सकाळी. आकडा कागदातल्या आकड्यापेक्षा वर आहे."

धाकटीने मशीन थांबवलं. हातातल्या बाहीची टीप अर्धी झाली होती. ती तिने पुरी केली, दोरा तोडला आणि नकाशा खिळ्यावरून काढला. तासाभरात नर्सबाई आणि न्हावी आले. नर्सबाई सरकारी दवाखान्यातली, कमी बोलणारी. न्हाव्याचं दुकान तिठ्यावर, त्यामुळे वस्तीत कोण काय म्हणतं हे त्याच्याकडून कळायचं.

"बाहेर ऊन आहे," न्हावी म्हणाला. "समुद्र बशीतल्या पाण्यासारखा आहे. आज भोंगा फिरवला तर लोक मला वस्तऱ्यासकट समुद्रात टाकतील. आणि पुन्हा टेलरबाईंचं वादळ झालं तर?"

"तर होईल," धाकटी म्हणाली.

"तुम्हाला काय, तुम्हाला सवय झाली."

"म्हणूनच म्हणते. एकदा हसं झालं की पुढचं फार जड जात नाही. कागदात काय आहे?"

नर्सबाईने कागद वाचला. त्यात ऊन आहे की नाही याबद्दल काही नव्हतं. चौघांनी मिळून ठरवलं. न्हावी भोंगा घेऊन निघाला, आणि निघताना म्हणाला, "निदान आज दाढीला गिऱ्हाईक नाही, हे बरं."

दुपारी साहेबांचा फोन आला. "वस्तीत भोंगा फिरतोय म्हणे. कुणाला विचारून?"

"कागदाला विचारून, साहेब. त्यावर तुमची सही आहे."

"आदेश अजून निघालेला नाही. लोकांत घबराट पसरली तर जबाबदारी तुमची."

"लिहून घ्या," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला. मग ती नकाशावरच्या लाल फुल्या मोजायला लागली.

दोन दिवस वस्तीत कामाची झुंबड उडाली. होड्या वर ओढल्या. पत्र्यांवर वाळूची पोती चढली. रेशनची कार्डं, दाखले, जमिनीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गेले. निळ्या फुल्या तीन होत्या. त्यातल्या दोघींचे दिवस भरत आले होते, त्यांना नर्सबाईने मंगळवारीच शहरातल्या इस्पितळात पोचवलं. तिसरीला पाचवा महिना, ती म्हणाली, मी चालत येईन. लाल फुल्या तेवीस होत्या. बाविसांनी कुरकुर करून का होईना, होकार दिला. एक म्हातारा म्हणाला, शाळेत न्याल तर मला खिडकीजवळची जागा पाहिजे. तेही लिहून घेतलं.

तेविसावी थोरली. तिचं खुब्याचं हाड गेल्या वर्षी मोडलं होतं. काठी टेकत घरातल्या घरात फिरायची, उंबऱ्याबाहेर नाही. जाळी दुरुस्त करण्याचं काम मात्र सुटलं नव्हतं. होडीवाले फाटकी जाळी आणून टाकायचे आणि ती बसल्या जागी गाठी मारायची.

आधी नर्सबाई गेली. पाच मिनिटांत परत आली. मग बर्फवाला गेला, तो तीन मिनिटांत.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तू तुझा बर्फ सांभाळ."

"आणि?"

"आणि काही नाही. बर्फाबद्दलच बोलली."

तिघेही धाकटीकडे बघायला लागले. ती उठली. कपाटातून समितीची वही घेतली, कारण जिथे जाईल तिथे वही न्यायची ही तिची सवय. बाहेर येऊन आठ पावलं चालली. तीन वर्षांत ती आठ पावलं कधी चालली नव्हती.

दारापाशी आल्यावर तिचं लक्ष वर गेलं. थोरलीच्या पत्र्यांवर एक जुनं, जाड दोराचं जाळं अंथरलेलं होतं. चारी बाजूंनी खाली ओढून, टोकांना मोठाले दगड बांधून. हे कालचं काम दिसत होतं. कुणा होडीवाल्याकडून करून घेतलं असणार. समितीला पत्ताही नव्हता.

"दार उघडं आहे," आतून आवाज आला. "आणि वर काय बघतेस? वादळ येणार हे मला भोंग्याने सांगायला नको. माझा खुबा चार दिवसांपासून ओरडतोय."

थोरली खाली सतरंजीवर बसली होती, पाय लांब करून. मांडीवर जाळं, हातात लाकडी सुई. तिने मान वर केली नाही. धाकटी उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली. खोली तशीच होती, फक्त दिरांची खाट भिंतीला लावून ठेवली होती आणि आता त्यावर थोरलीचंच अंथरूण होतं.

"जाऊबाई, उद्या सकाळी आठला टेम्पो येईल."

"येऊ दे. रस्ता सगळ्यांचा आहे."

"तुम्हाला न्यायला येईल."

"मला कुठे जायचं नाहीये. छप्पर बांधलंय. पाणी भरलंय. मेणबत्त्या आहेत."

"पाणी घरात शिरलं तर? तुम्हाला उठून माळ्यावर चढता येणार नाही."

"नाही येणार," थोरली म्हणाली. "मग जे व्हायचं ते माझ्या घरात होईल. वाटेत नाही."

यावर बोलायला धाकटीकडे पाठ केलेली वाक्यं होती. समितीच्या प्रशिक्षणात ती शिकवली होती, कुणी नाही म्हणालं तर काय म्हणायचं वगैरे. तिला त्यातलं एकही आठवलं नाही.

"भाऊजींना पावसात नेलं," ती म्हणाली. "ते चुकलं."

सुई चालत राहिली. "कुणाचं चुकलं?"

"हुकूम उशिरा आला. साडेतीनला..."

"मी हुकुमाचं विचारलं नाही."

बाहेर कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं.

"माझं," ती म्हणाली. "सकाळीच आभाळ भरलं होतं. मला दिसत होतं. टेम्पो उभा होता, माणसं होती. मी म्हटलं, हुकूम आल्याशिवाय कसं न्यायचं, उगाच अंगाशी येईल. आणि बसून राहिले. सकाळी नेलं असतं तर ते कोरडे पोचले असते."

थोरलीची सुई थांबली. "हे तू मला तीन वर्षांत सांगितलं नाहीस."

"तुम्ही दार लावून घेतलं होतं."

"कडी माझ्याकडे होती. जीभ तर तुझ्याकडे होती."

थोरलीने गाठ आवळली, दातांनी दोरा तोडला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "ती वही तुमच्या समितीची ना? त्या वर्षाचं काय लिहिलंय त्यात? वाच."

त्या पानावर काय आहे हे धाकटीला न उघडताही माहीत होतं. तरी तिने पान काढलं. "एकशे नऊ घरं रिकामी केली. चारशे सदतीस माणसं शाळेत. वादळाने दिशा बदलली. जीवितहानी नाही."

"शेवटचं पुन्हा वाच."

"जीवितहानी नाही."

"मग माझा नवरा कुठे गेला?" थोरलीचा आवाज चढला नव्हता. बाजारात भाव विचारावा तसा होता. "नवव्या दिवशी माणूस गेला. तुम्ही आकडे मोजले दुसऱ्या दिवशी. ऊन पडलं, वही मिटली. त्यांना तुम्ही ना वादळात धरलंत, ना वादळाबाहेर. आधी ते तिथे लिही. मग मी येते."

"लिहिते."

"आत्ता. आणि लिहिताना मोठ्याने म्हण."

धाकटी उंबऱ्यावर टेकली. गुडघ्यावर वही ठेवून तिने 'जीवितहानी नाही' या ओळीवर एक आडवी रेघ मारली. खाली दिरांचं पूर्ण नाव लिहिलं, वय लिहिलं. "यांना भर पावसात हलवण्यात आलं. त्यानंतर नवव्या दिवशी आजाराने..."

"आजाराने नको. आजार दोन वर्षं होता. त्याने काही केलं नव्हतं."

"त्यानंतर ताप येऊन नवव्या दिवशी मृत्यू."

"हं."

"हलवायला उशीर झाला. सकाळी हलवता आलं असतं." इथे तिचं पेन अडलं. मग तिने लिहिलं आणि वाचलं, "निर्णय माझ्या हातात होता." खाली सही केली आणि तारीख घातली, आजची.

थोरलीने वही मागून घेतली. तिला वाचायला वेळ लागायचा, ओळीखाली बोट फिरवत वाचायची. नवऱ्याच्या नावावर बोट जरा जास्त वेळ थांबलं. मग वही मिटून परत दिली.

"आठला म्हणजे आठला," ती म्हणाली. "साडेआठला आलात तर मी दार उघडणार नाही."

धाकटी निघाली तेव्हा मागून आवाज आला, "तुझ्या पत्र्यांवर काय टाकलंयस?"

"अजून काही नाही. वेळ झाला नाही."

"मागे आणखी एक जाळं पडलंय. घेऊन जा."

पण तेवढ्यात बर्फवाल्याने हाक मारली. डिझेलचा डबा गळत होता. धाकटी जाळं घ्यायला नंतर येऊ म्हणून गेली, आणि ते राहून गेलं.

त्या पानाचं ऐकून बर्फवाला जरा धास्तावला. "वहीची प्रत साहेबांकडे जाते," तो म्हणाला. "जाऊ दे की," धाकटी म्हणाली. नर्सबाईने ते पान दोनदा वाचलं आणि आपलीही सही खाली केली. कारण विचारलं तर म्हणाली, त्या दिवशी मीही तिथेच होते.

बुधवारी आठला पाच मिनिटं कमी असताना टेम्पो थोरलीच्या दारात उभा राहिला. आभाळ राखाडी होतं, पण पाऊस नव्हता. धाकटीने कॅनव्हासची झोळी उतरवली. अशा सहा झोळ्या तिने शिवल्या होत्या. दोन्ही बाजूंना पकडायला पट्टे, आणि डोक्याच्या बाजूला मेणकापडाचं झापड, पाऊस आलाच तर अंगभर ओढून घेता येईल असं. थोरलीने झापड बोटांत धरलं, उलटून पाहिलं.

"हे कधी शिवलंस?"

"त्याच वर्षी."

थोरलीने शिवणीवरून अंगठा फिरवला. "टीप वाकडी आहे," ती म्हणाली. मग झोळीत बसायला साफ नकार देऊन, न्हाव्याच्या खांद्यावर एक हात आणि काठीवर दुसरा ठेवून, पायरी पायरी करत टेम्पोत पुढे चालकाशेजारी जाऊन बसली. एका गाठोड्यात कपडे होते, दुसऱ्यात अर्धवट जाळं.

साडेअकरापर्यंत तेवीसही माणसं शाळेत होती. खिडकीजवळची जागा मागणाऱ्याला खिडकी मिळाली, आणि वारा लागतो म्हणून दुपारीच त्याने ती बदलून घेतली. वरच्या कार्यालयाचा आदेश चार वाजता आला. पाच वाजता पाऊस आला. चालणारी माणसं तोवर निम्मी वर पोचली होती आणि बाकीची वाटेवर होती. सगळ्यात मागे न्हावी, भोंगा छत्रीसारखा डोक्यावर धरून.

गुरुवारी उजाडता उजाडता वादळ जमिनीवर आलं. या वेळी त्याने वाट बदलली नाही. शाळेच्या मोठ्या वर्गात दीडशे माणसं भिंतींना टेकून बसली होती. आधी वाऱ्याचा आवाज होता, मग तो इतका वाढला की आवाज असा वाटेनासा झाला, फक्त छातीत काहीतरी घुमत राहिलं. व्हरांड्याचा एक पत्रा उडाला, मग कुठून तरी आलेली दारं, फांद्या, एक अख्खी पाण्याची टाकी मैदानातून गडगडत गेली. पोरं रडून थकली. नर्सबाई रांगेने फिरून गोळ्या देत होती, जणू दवाखान्यातली मंगळवारची ओपीडी चालू आहे. थोरली कोपऱ्यात जाळं घेऊन बसली होती. शेजारच्या बायकांना भीतीने हात रिकामे ठेववेनात, तेव्हा तिने त्यांनाही एकेक टोक दिलं. "गाठ अशी नाही, अशी," असं ती ओरडून सांगत होती आणि ऐकू कुणालाच येत नव्हतं.

धाकटी दाराशी उभी होती. वहीत एकशे बाराच्या एकशे बारा घरांसमोर खूण झाली होती. तिने ती यादी तीनदा तपासली, आणि मग तपासायला काही उरलं नाही तेव्हा तिला भीती वाटली. वस्तीसाठी नाही. तिला अचानक आपली मशीनं आठवली.

दुपारी दोनला वारा पडला. शुक्रवारी सकाळी माणसं खाली उतरली.

एक्केचाळीस घरं राहण्याजोगी नव्हती. धाकटीच्या घराचे पत्रे समोरच्या विहिरीपाशी चुरगळून पडले होते. आतल्या खोलीत आभाळ दिसत होतं. एक मशीन तिने माळ्यावर चढवलं होतं, ते माळ्यासकट खाली आलं होतं. दुसरं टेबलावर होतं, ते चिखलाने भरलेलं पण उभं होतं. तिने चाक फिरवून पाहिलं. अडत, करकरत, पण ते फिरलं.

थोरलीचं छप्पर जागच्या जागी होतं. जाळं दगडांसकट तसंच्या तसं. टेम्पोतून उतरून थोरलीने वर बघितलं आणि म्हणाली, "बघ. छप्पर मी सांगितलं तसं राहिलं. मी घरीच राहिले असते तरी चाललं असतं."

न्हाव्याने तिला आत नेलं. खोलीत घोट्याएवढा गाळ होता. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती, चारी भिंतींवर एका उंचीवर, मातकट आणि अगदी सरळ. खाट होती तिथेच होती. रेघ खाटेच्या वर दोन हात होती.

थोरली काठीवर भार देऊन ती रेघ बघत राहिली. खाटेकडे बघितलं, पुन्हा रेघेकडे बघितलं. मग म्हणाली, "बादली कुठे गेली?"

त्या दिवशी धाकटीचं अंथरूण तिच्या घरात आलं, कारण दुसरीकडे छप्पर नव्हतं. कुणी या म्हटलं नाही आणि कुणी येऊ का विचारलं नाही. दोघी मिळून गाळ काढत राहिल्या. थोरली बसून खरवडायची, धाकटी बाहेर टाकायची.

चार दिवसांनी साहेब आले. बूट हातात धरून, पँट वर दुमडून. या वेळी त्यांचं बोलणं नरम होतं, वस्तीचं नाव वर गेलं होतं म्हणे. शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. बर्फवाल्याने काय काय उपयोगी पडलं ते सांगितलं. मग साहेबांनी विचारलं, कुणाला काही सूचना?

थोरलीने काठी वर केली. "सूचना नाही, तक्रार आहे. बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती. दोन दिवस एकीने आत जायचं आणि दुसरीने दार धरून उभं राहायचं. मला तर दोघी लागायच्या, एक दाराला आणि एक मला. कितीतरी जणींनी जायला नको म्हणून पाणी प्यायचंच सोडलं. नर्सबाईला विचारा."

नर्सबाईने मान हलवली. पुरुष जमिनीकडे बघायला लागले. धाकटीने लिहून घेतलं. नकाशा, झोळ्या, डिझेल, सगळं आठवलं होतं, कडी आठवली नव्हती.

"आणि जाळ्यांचं लिही," थोरली म्हणाली. "माझ्याकडे जुनी जाळी नऊ आहेत. होडीवाल्यांकडे किती पडलीत ते विचारा. पत्र्यावर पोती ठेवून काय होतं ते दिसलंच."

साहेबांनी शेवटी आपला छापील तक्ता काढला. "जीवितहानी शून्य, बरोबर ना?"

"ती ओळ मोकळी ठेवा," धाकटी म्हणाली. "आम्ही महिन्याने भरणार आहोत."

"अहो, अहवाल आज पाठवायचाय."

"मग मोकळी पाठवा."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, थोरलीकडे बघितलं. आपल्या तक्त्यावर त्यांनी शून्य लिहिलं आणि तक्ता पिशवीत घातला. समितीच्या वहीत मात्र जागा कोरी राहिली. मोकळी झालेली एक बाई शहरातून बाळ घेऊन आली, दुसरी आठवड्याने आली. तेवीस जणांच्या घरी नर्सबाई दर तीन दिवसांनी जाऊन छातीला नळी लावून तपासायची. दोघांना ताप आला होता, दोघेही उठून बसले. तिसाव्या दिवशी धाकटीने ती ओळ भरली.

तिच्या घरावर पत्रे चढायला आणखी दोन आठवडे गेले. तोवर ती भिंतीच्या पलीकडेच राहिली. दोघींचं बोलणं सुरू झालं, पण ते गोड झालं असं नाही. थोरलीला धाकटीने घासलेली भांडी पटायची नाहीत. धाकटीला थोरलीचा पहाटेचा रेडिओ सहन व्हायचा नाही. दिरांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. एकदा मात्र जेवताना थोरली म्हणाली, "शाळेत कड्या बसवल्या का?"

"दोन बसवल्या. दोन राहिल्यात. सुतार येतो म्हणाला."

"सुतार येतो म्हणतो," थोरली म्हणाली, "म्हणजे उद्या तू स्वतः जाऊन बस त्याच्या दारात."

धाकटी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बसली.